मोकळा राहिलेला तुकडा

शनिवारी सकाळी बेकरीचं दार उघडल्यावर पहिल्याच गिऱ्हाइकाने काही न मागता मार्लीन कुचेराचा हात हातात घेतला, तेव्हाच तिने ओळखलं की गावाने निकाल लावून टाकलाय. दुसरं गिऱ्हाईक नुसतं "होतं असं," म्हणालं. तिसरीने जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे मधे फळाचा गर भरलेले गोड पाव, बांधून घेतले आणि जाताना दारातून असं वळून पाहिलं, जसं काही कुचेरांच्या घरात कोणी गेलंय. आमच्या वेल्डनमध्ये माणूस गेला तर लोक जेवण घेऊन येतात, आणि पोराच्या हातून फुटबॉलचा सामना गेला तर हात धरतात. त्यातलं पहिलं परवडलं, निदान भांडी घासून परत करता येतात.

झालं होतं ते असं. आमचा फुटबॉल अमेरिकन, पायाने कमी आणि चेंडू हातात धरून पळत जास्त खेळायचा. आदल्या संध्याकाळी शाळेच्या संघाचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. घड्याळ संपत आलेलं, आम्ही चार गुणांनी पुढे, आणि समोरच्यांनी शेवटचा उपाय म्हणून एक लांब फेक टाकली. उजव्या कडेला त्यांचा एक पोरगा एकटाच उभा, आसपास चिटपाखरू नाही. त्याने चेंडू झेलला, छातीशी धरला आणि बाजारातून घरी निघाल्यासारखा पळत शेवटची रेघ ओलांडली, म्हणजे सहा गुण त्यांचे आणि सामनाही त्यांचा. त्याच्यामागे जिवाच्या आकांताने धावत येऊन, हात लांब करून तोंडावर आपटला तो बावीस नंबरचा ट्रेंट कुचेरा, मार्लीनचा एकुलता एक. चोराच्या सगळ्यात जवळ जो दिसला, त्याच्याच पहाऱ्यात चोरी झाली, असा हिशोब गावाने केला आणि मैदानावरचे दिवे विझायच्या आत घरी गेलं.

मार्लीनचा नवरा लायल धान्याच्या कोठारावर कामाला. तो कॉफीला आला आणि त्याने खरी वाईट बातमी दिली. कोच स्टॅनेकने ट्रेंटला सांगितलंय, की पुढच्या शुक्रवारी तू बाकावर बसायचं. संघ हरूनही पुढच्या फेरीत गेला होता, पण तिथून पुढे जो हरेल त्याचा मोसम खल्लास. ट्रेंट शाळेच्या अखेरच्या वर्षाला. आमच्याकडची पोरं अठराव्या वर्षापर्यंत फुटबॉल खेळतात आणि उरलेलं आयुष्य त्याबद्दल बोलतात. ज्याने शेवटचा सामना बाकावर बसून काढला, त्याने पुढची पन्नास वर्षं बोलायचं काय?

"पण चूक त्याचीच होती का?" मार्लीनने विचारलं.

"झोन होता," लायल म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे झोन."

लायलच्या मानाने हे व्याख्यानच झालं. तो कॉफी पिऊन कामावर गेला.

आता मार्लीनने सामने कमी पाहिले होते असं कोणी म्हणू नये. ट्रेंटच्या डोक्यापेक्षा त्याचं हेल्मेट मोठं होतं तेव्हापासून ती प्रत्येक सामन्याला हजर. गवताचा डाग कशाने जातो, चिखलाचा कशाने आणि रक्ताचा कशाने, हे तिच्याइतकं गावात कोणाला ठाऊक नाही. पण तिने खेळ असा कधी पाहिलाच नव्हता. ती ट्रेंटला पाहायची. चेंडू कुठेही असो, तिचे डोळे बावीस नंबरच्या पाठीवर. त्यामुळे शुक्रवारी नक्की काय झालं हे विचारलं असतं, तर तिला एवढंच सांगता आलं असतं की ट्रेंट पडला आणि त्याचा कोपर खरचटला.

दुपारी ट्रेंट ट्रे घासायला आला. तिने विचारलं, तर "आई, सोड ना," एवढंच म्हणाला. जाताना मात्र त्याने एक केलं. गल्ल्यामागे त्याचा स्वतःचा पुठ्ठ्याचा चेहरा टेकवून ठेवलेला होता, तो त्याने भिंतीकडे तोंड करून उलटा ठेवला. अखेरच्या वर्षाच्या प्रत्येक पोराची आई असा चेहरा करून घेते: पोराचा हसरा फोटो, चांगला दोन हात उंच, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, खाली दांडा लावायचा आणि सामन्यात नाचवायचा. मार्लीनकडचा गावात सगळ्यात मोठा, कारण बेकरीची पाटी रंगवणाऱ्यानेच तो बनवून दिला होता. त्यात ट्रेंटचे नुसते दातच लादीपावाएवढे. पोराला तोंड दाखवायची लाज वाटतेय, असं तिला वाटलं. तिने चेहरा पुन्हा सरळ केला.

मग तिने पदर खोचला म्हणायचं, म्हणजे एप्रन घट्ट बांधला, आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली. तिथे मायलो पोकोर्नी बसलेला असतो. मायलो हा आमचा जुना कोच. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून कोणी समोर आडवं गेलं तर तो शिट्टी चाचपतो. मार्लीनने त्याच्यासमोर कोलाचेंचा भरलेला ट्रे ठेवला आणि म्हणाली, मला झोन म्हणजे काय ते सांगा, आणि लायलसारखं सांगू नका.

मायलोने जरा विचार केला. "चर्चच्या जेवणात तू कुठे उभी असतेस?"

"सूपच्या पातेल्यामागे."

"पाहुणा वाटी घेऊन पुढे बटाट्यांकडे सरकला, तर तू पळी घेऊन त्याच्यामागे जातेस?"

"मी कशाला जाऊ? बटाट्यांना जॅनिस असते."

"झालं तर. हाच झोन, पोरी. माणसामागे जायचं नाही, आपलं पातेलं सोडायचं नाही. समोर येईल तो आपला, पुढे गेला की पुढच्याचा."

"आणि झोन नसतो तेव्हा?"

"तेव्हा लग्नातल्यासारखं. प्रत्येक आत्याने एकेक पिणारा नातेवाईक वाटून घ्यायचा आणि तो जाईल तिथे त्याच्या पाठोपाठ जायचं. मग जागा गेली खड्ड्यात, माणूस सुटता कामा नये."

इतक्या वर्षांत तिला कोणी हे असं सांगितलं नव्हतं. मायलोने मग ट्रेमध्ये मांडणी केली. मैदानाच्या मागच्या भागाचे तीन तुकडे. मधल्या तुकड्यात जर्दाळूचा कोलाचे, हा ट्रेंट. उजव्या तुकड्यात आलुबुखाऱ्याचा, हा कॉर्बिन प्रोखास्का. डावीकडे कोण तरी होता, त्याचं इथे काम नाही. पुढच्या रांगेत उजवीकडे खसखशीचा, हा ब्रॉक वीब. आणि चेंडू झेलून पळालेला पोरगा म्हणजे साखरेचा खडा. मायलोने खडा खसखशीच्या बाजूने हळूहळू सरकवत उजव्या तुकड्यात नेला. आलुबुखारा तिथे नव्हताच, तो दुसऱ्याच कोणाच्या तरी मागे मैदानाच्या मध्यावर पळत गेला होता.

"खडा सापडला तो तुकडा कोणाचा?" मायलोने विचारलं.

"कॉर्बिनचा."

"मग ट्रेंट तिथे काय करत होता?"

मार्लीनने ट्रेकडे पाहिलं. "धावून गेला," ती म्हणाली. "दुसऱ्याचं पातेलं उतू जाताना बघून."

"तेवढं कळलं तर अर्धा खेळ कळला. उरलेला कळायचा असेल तर सामन्यात चेंडूकडे बघू नकोस, आणि ट्रेंटकडे तर मुळीच नाही. जागा बघ. कुठली मोकळी पडलीये ती बघ."

मायलोने हा सल्ला चांगल्या मनाने दिला. मार्लीनने त्यातला जागा बघण्याचा भाग पुढे वापरायचा ठरवला आणि कॉर्बिनचा भाग लगेच. दुपारभर जे गिऱ्हाईक येईल त्याला आधी ट्रे, मग पाव. खाटीक आला, त्याला शिकवलं. पोस्टातल्या बाईला शिकवलं, तिने साखरेचा खडा स्वतः सरकवून पाहिला. एका शेतकऱ्याने तर भर शिकवणीत कॉर्बिन उचलून खाऊन टाकला आणि म्हणाला, आता कळलं जागा कशी मोकळी पडली. दुकान बंद व्हायच्या आत गावाने ट्रेंटला माफ करून कॉर्बिनला धरलं होतं.

कॉर्बिनची आई रोंडा प्रोखास्का शाळेची बस चालवते. मागच्या बाकावरच्या पोराला आरशातून दटावायची सवय असल्यामुळे तिचा आवाज खोलीत मावत नाही. ती आली तेव्हा मार्लीन दाराला कुलूप लावत होती.

"माझ्या पोराला तू सुकलेला आलुबुखारा म्हणत फिरतेस म्हणे."

मार्लीनने कुलूप काढलं आणि ट्रे आणला. दुसरं करणार काय? पण रोंडाने ट्रे हिसकावून घेतला आणि स्वतःच मांडला. तिचं म्हणणं, कॉर्बिन सांगतो की शुक्रवारी झोन नव्हताच, माणूस धरायचा होता. त्याने आपला माणूस धरला, तो मैदानाच्या मध्यावर पळाला म्हणून कॉर्बिनही गेला. साखरेचा खडा हा मुळात ब्रॉकचा माणूस. ब्रॉकने त्याला सोडला आणि आपल्या जागी मख्खासारखा उभा राहिला.

मार्लीनने दोनदा खडा सरकवून पाहिला. माणूस धरायचा असेल तर रोंडाचं बरोबर होतं. आणि दोन्हीकडून ट्रेंट सुटत होता, कारण झोन असो की माणूस, त्याला मधेच मागे उभं राहायचं होतं. आता ज्यात आपलं पोर सुटतं ते कोणाला खोटं वाटतं? दोघींनी उरलेली कॉफी वाटून घेतली, एकमेकींच्या पोरांची तारीफ केली आणि निघाल्या. रोंडाने जाता जाता वाटेतल्या चार घरांत ट्रेची गोष्ट सांगितली. रविवार उजाडेपर्यंत गावाने कॉर्बिनला सोडून ब्रॉकला धरलं.

ब्रॉकची आई जॅनिस वीब चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. तिच्या कानावर गोष्ट कधी गेली हे सगळ्यांना कळलं, कारण दुसऱ्या गाण्यापासून ती इतक्या वेगात वाजवायला लागली की लोक एक कडवं मागे राहिले आणि फादर दीड. प्रार्थना संपल्यावर तळघरात कॉफी असते. तिथे तिने मार्लीन आणि रोंडाला पातेल्यांच्या टेबलाशी गाठलं. आवाज चढवला नाही. जॅनिस आवाज चढवत नाही, तिच्याकडे त्यासाठी वेगळं वाद्य आहे.

"झोनच होता," ती म्हणाली. "ब्रॉकने पाटी पाहिली. कुंपण होतं."

या पाट्यांचा प्रकार असा. पूर्वी कोच हाताने खुणा करायचा, पण शेजारच्या गावाने त्या ओळखल्या. म्हणून यंदा चित्रकलेच्या बाईंकडून मोठ्या पाट्या रंगवून घेतल्या. प्रत्येक डावाआधी, म्हणजे दर वेळी चेंडू खेळात यायच्या आत, मैदानाच्या कडेला एक पाटी उंच धरायची, पोरांनी बघायची. कुंपणाचं चित्र म्हणजे झोन, आपापली जागा राखा. माणसाचा चेहरा म्हणजे माणूस धरा. ब्रॉकने कुंपण पाहिलं, म्हणून त्याने साखरेचा खडा शहाण्यासारखा मागच्या माणसाच्या स्वाधीन केला आणि आपली जागा राखली. मागे कॉर्बिन नव्हता हा ब्रॉकचा गुन्हा?

"कॉर्बिनने चेहरा पाहिला," रोंडा म्हणाली. "तो आयुष्यात माझ्याशी खोटं बोललेला नाही."

जॅनिसने बशी खाली ठेवली. वाद शब्दांनी मिटेना, तेव्हा तिघींनी तो उभा करून पाहायचा ठरवला. जॅनिस ब्रॉकच्या जागी बटाट्यांपाशी, रोंडा कॉर्बिनच्या जागी खुर्च्यांपाशी, मार्लीन ट्रेंटच्या जागी मधे. फादर हातात कॉफी आणि केकची बशी घेऊन जिन्याकडे निघाले होते, त्यांना न विचारता साखरेचा खडा केलं. फादर जॅनिससमोरून गेले, तिने सोडले, कारण झोन. रोंडा एका म्हाताऱ्याच्या मागे खोलीच्या मध्यावर गेली, कारण माणूस. फादर दोघींच्या मधून निर्धास्त जिना चढून गेले. मार्लीन धावली, पण तिच्या हाती फक्त त्यांच्या झग्याची मागची कड आली आणि केक पायरीवर पडला.

तिघी पडलेल्या केककडे बघत राहिल्या. तिघींची पोरं बरोबर वागली होती आणि तरी चेंडू गेला होता. राहिला एकच प्रश्न, पाटी कुठली होती? तो कोचला विचारायची सोय नव्हती, कारण सोमवारच्या आत कुठल्याही आईबापाशी सामन्याबद्दल बोलायचं नाही असा स्टॅनेकचा नियम होता. एकदा स्टॅनेकची बायको बाळंत होत असताना एका बापाने त्याला दवाखान्याच्या दारात गाठलं होतं, तेव्हापासूनचा.

सोमवारी संध्याकाळी शाळेच्या जेवणघरात कोच गावाला सामन्याचं चित्रण दाखवतो. पोरांना यायची परवानगी नसते, मोठ्यांना असते, आणि मोठे येतात ते निम्मे चित्रणासाठी आणि निम्मे चिलीसाठी. बीन्स आणि खिम्याची गरम चिली आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल. बाहेरगावच्या लोकांना हे एकत्र खाणं विचित्र वाटतं, त्याला आमचा इलाज नाही. मार्लीन शेवटच्या रांगेच्या मागे चिलीच्या पातेल्याशी पळी घेऊन उभी. पुढे रोंडा आणि जॅनिस, मधे एक खुर्ची मोकळी सोडून.

स्टॅनेकने बाकीचा सामना भराभर पळवला आणि शेवटच्या डावावर थांबला. त्याने सांगितलं की पाटी कुंपणाची होती, त्याने स्वतः उचलायला लावली. जॅनिसने मान ताठ केली. मग स्टॅनेक म्हणाला की कॉर्बिनचाही दोष नाही. मधे मागे उभा असतो त्याचं काम म्हणजे पाटी बघून शेजाऱ्याला ओरडून सांगणं, आणि ट्रेंटने झोनऐवजी माणूस असं ओरडून सांगितलं.

"मला हे कळलंही नसतं," स्टॅनेक म्हणाला. "पोरगा सामना संपल्या संपल्या स्वतः येऊन सांगून गेला. शहाणा आहे. पण चूक ती चूक, म्हणून शुक्रवारी तो बसेल."

जेवणघरात सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. रोंडाने जॅनिसकडे पाहिलं, जॅनिस मधल्या खुर्चीवर सरकली. मागे वळून मार्लीनकडे मात्र कोणी पाहिलं नाही, आणि तेच फार वाईट होतं. दोन दिवस ट्रे घेऊन जे पोर तिने सोडवून आणलं होतं, ते स्वतःहून जाऊन अडकून बसलं होतं.

स्टॅनेकने तो डाव पुन्हा लावला. सगळे चेंडूकडे बघत होते. मार्लीनच्या डोळ्यांना ट्रेंटशिवाय काही दिसायची सवय नव्हती, पण तिला मायलोचं बोलणं आठवलं, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा ट्रेंटवरून नजर काढली. ती नुसती जागा बघायला लागली. डावीकडची, मधली, उजवीकडची. उजवीकडे मोकळ्या गवताच्या पलीकडे पांढरी रेघ. रेघेच्या बाहेर आपली माणसं. त्यात कुंपणाची पाटी. आणि पाटीच्या शेजारी, पाटीपेक्षा मोठा, दिव्यांच्या उजेडात झळझळीत, लादीपावासारखे दात काढून हसणारा एक चेहरा. चेहऱ्याच्या खाली दांडा, दांड्याच्या खाली जांभळा कोट. जांभळा कोट गावात एकच आहे आणि तो त्या क्षणी जेवणघराच्या दारामागच्या खुंटीला लटकत होता.

तिला सगळं आठवलं. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना म्हणून अखेरच्या वर्षाच्या पोरांच्या आयांना रेघेपाशी उभं केलं होतं, सामन्यानंतर फुलं द्यायला. त्याआधीच्याच डावात ट्रेंटने एकाला मस्त आडवा केला होता. तिला राहवलं नाही. ती चेहरा घेऊन त्याला दिसेल अशी रेघेच्या कडेने धावत गेली, पाटीच्या अगदी शेजारी, आणि तिने तो दोन्ही हातांनी जमेल तेवढा उंच धरला. नेमकी कॉर्बिनच्या समोर.

पडद्यावर ट्रेंटने कडेला पाहिलं. क्षणभर. आणि मान खाली घातली.

कोणाला काही दिसलं नव्हतं. डाव संपला, दिवे लागायचे बाकी होते. मार्लीन पळी धरून उभी होती आणि कोणी काही विचारत नव्हतं. गप्प राहिली असती तर आजही हे गाव ट्रेंटच्या ओरडण्याबद्दल बोलत असतं. तिने पळी खाली ठेवली, पातेलं सोडलं आणि रांगांमधून थेट पडद्यापाशी गेली.

"कोच, परत लावा. थांबवा. हे काय आहे?"

"कुंपण," स्टॅनेक म्हणाला.

"आणि त्याच्या शेजारी?"

स्टॅनेकने चष्मा लावला. मग चष्मा पुसून परत लावला.

"तो ट्रेंट आहे," मागून मायलो म्हणाला.

"ट्रेंट तर मैदानात आहे."

"तिथेही आहे."

पुढच्या रांगेतली माणसं उठून पडद्याशी वाकली. मग रोंडा त्या तिच्या आवाजात म्हणाली, "म्हणजे माझ्या कॉर्बिनने चेहरा पाहिला, तो खरंच पाहिला. चांगला दोन हात उंच." आणि जॅनिस, जी चर्चमध्ये सुद्धा हसत नाही, तिने तोंडावर रुमाल घेतला. मार्लीन तशीच पडद्याशी उभी राहिली, अर्धा ट्रेंट तिच्या एप्रनवर पडलेला. तिने एवढंच सांगितलं की तो धरला होता मी, आणि ट्रेंट काही चुकीचं ओरडलेला नाही. मग त्याने तसं का सांगितलं, हे स्टॅनेकने विचारलं. त्याचं उत्तर तिला तेवढ्यातच कळत होतं. तिने कोट घेतला आणि घरी गेली. चिली त्या दिवशी लोकांनी हाताने वाढून घेतली आणि ती संपली नाही.

ट्रेंट मागच्या पायऱ्यांवर बसून बूट ठोकून चिखल पाडत होता. ती त्याच्या शेजारी बसली.

"तुला माहीत होतं."

"दिसलं ना," ट्रेंट म्हणाला. "मी झोनच ओरडलो, गलक्यात कॉर्बिनला ऐकू गेलं नाही. मी मधे असतो. मला सगळंच दिसतं."

"मग कोचला खोटं का सांगितलंस?"

ट्रेंटने दुसरा बूट उचलला. "मी तर उन्हाळ्यात लिंकनला कॉलेजात जाणार. मला बोलून बोलून किती दिवस बोलतील? तुला इथेच राहायचंय, आई. तुला रोज सकाळी त्यांच्यासाठी दार उघडायचंय."

मार्लीनला रडू आलं आणि ती ते लपवायच्या भानगडीत पडली नाही. शेवटचा सामना घालवायला निघालं होतं कार्टं, तिच्या दुकानाच्या दारासाठी. तिने एप्रनने नाक पुसलं.

"अरे, तो तुकडा माझा होता," ती म्हणाली. "तू कशाला धावत आलास?"

"मोकळा दिसला," ट्रेंट म्हणाला.

मंगळवारी सकाळी बेकरीत जो येईल त्याने मार्लीनचा हात धरला. "होतं असं," म्हणाले सगळे. तिने सगळ्यांना हात धरू दिला आणि सगळ्यांना कालचे कोलाचे दिले. स्टॅनेकने ट्रेंटला परत घेतलं आणि नवा नियम काढला, की पुठ्ठ्याचे चेहरे फक्त प्रेक्षकांच्या सगळ्यात वरच्या पायरीवर आणि तेही डाव चालू असताना नाहीत. मार्लीनने तिचा चेहरा कोठीघरात, मैद्याच्या पोत्यांमागे ठेवून दिला.

शुक्रवारचा सामना दुसऱ्यांच्या गावात होता आणि तो आम्ही हरलो, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. पण रीतसर हरलो. ते आमच्यापेक्षा चांगले होते, आणि आमचा एकही तुकडा मोकळा राहिला नाही. ट्रेंट पहिल्यापासून शेवटपर्यंत मधे मागे उभा होता. मार्लीन रिकामे हात मांडीवर ठेवून बसली होती, ट्रेंटकडे न बघता नुसती जागा बघत. लायलने तिला मधेच विचारलं की काय चाललंय.

"झोन," मार्लीन म्हणाली.

तेवढ्यात मागे, अगदी वरच्या पायरीवर गलका झाला. दोन डावांच्या मधली वेळ होती. तिने वळून पाहिलं, तर रोंडा आणि जॅनिस दोन बाजूंनी दांडा धरून उभ्या, आणि त्यावर बेकरीची टोपी घातलेला, दोन हातांपेक्षाही उंच, पुठ्ठ्याचा मार्लीन कुचेराचा चेहरा. फोटो कुठल्या तरी चर्चच्या जेवणातला, तोंड अर्धवट उघडं, कोणाला तरी बटाट्यांकडे पाठवत असलेलं. पाटी रंगवणाऱ्याने या खेपेला पैसे घेतले नव्हते म्हणे.

मार्लीनला जमिनीत शिरावंसं वाटलं. तिने मैदानाकडे तोंड फिरवलं आणि जागाबिगा विसरून सवयीने थेट बावीस नंबरला शोधलं. ट्रेंट मधे उभा होता, मान वर करून वरच्या पायरीकडे बघत. त्याने मान खाली घातली नाही. समोरचे डावाला उभे राहिले तरी तो आणखी थोडा वेळ बघत राहिला, मग कॉर्बिनला ओरडून काही तरी सांगितलं आणि आपल्या जागेवर गेला.